दोन दिवाळ्यांचं वर्ष

२०२२ ची दिवाळी २४ ऑक्टोबरला होती आणि पुढची आली ती १२ नोव्हेंबर २०२३ ला. आता १ नोव्हेंबर २०२२ ते ३१ ऑक्टोबर २०२३ हे बारा महिने घ्या. वर्ष पुरतं आहे, पण त्यात लक्ष्मीपूजनच नाही. त्यापुढचे बारा महिने पाहा, १ नोव्हेंबर २०२३ पासून ३१ ऑक्टोबर २०२४ पर्यंतचे. यात १२ नोव्हेंबरची दिवाळी आहेच. २०२४ चं लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरला की १ नोव्हेंबरला, यावर पंचांगकर्त्यांचा वाद झाला; पण पूजा कोणत्याही दिवशी केली तरी खरेदी ऑक्टोबरातच उरकली होती. म्हणजे एक वर्ष बिनदिवाळीचं आणि त्याच्या लगेच पुढचं दोन दिवाळ्यांचं.

ही दोन वर्षं शेजारी ठेवून कोणी विक्रीची वाढ काढली तर काय निघेल? त्यासाठी एक दुकान मनाशी धरू. दुकान कल्पनेतलं, जागा मात्र खरी. इंदूरच्या राजवाड्यावरून गोराकुंडाकडे आणि तसंच पुढे पश्चिमेला गेलं की मल्हारगंज लागतं, त्याच्या पलीकडे बडा गणपती. मल्हारराव होळकरांच्या नावाची ही जुनी पेठ. टोरी कॉर्नर इथलाच. रंगपंचमीला इथून गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते आणि त्या दिवशी आसपासच्या दुकानांचं शटर वर जात नाही. आपलं दुकान साड्यांचं आणि कुर्त्यांचं. ठोक माल येतो एम. टी. क्लॉथ मार्केटातून, हे ‘एम. टी.’ म्हणजे महाराजा तुकोजीराव. गिऱ्हाईक मराठीही आहे आणि हिंदीही. त्यामुळे या दुकानात श्रावण दोनदा सुरू होतो, आधी हिंदी महिन्यांप्रमाणे आणि पंधरा दिवसांनी आपला.

या दुकानाची वर्षाची विक्री ९६ लाख धरू. एरवीच्या दिवसांची महिन्याला साडेसहा लाख, म्हणजे वर्षाला ७८ लाख, आणि दिवाळीची वरकड १८ लाख. विक्री वर्षानुवर्षं जिथल्या तिथे आहे, वाढ नाही की घट नाही, असंही समजू. आता बिनदिवाळीच्या बारा महिन्यांत ७८ लाख दिसतील आणि दोन दिवाळ्यांच्या बारा महिन्यांत ११४ लाख. वाढ ४६ टक्के! दुकानात एक गिऱ्हाईक वाढलेलं नाही, तरीही. खरेदी दिवाळीच्या थोडी आधीपासून सुरू होत असल्यामुळे प्रत्यक्षात फरक इतका टोकाचा येणार नाही, पण फसवण्यापुरता नक्की येईल.

एप्रिल ते मार्च असं आर्थिक वर्ष धरलं की दिवाळीचा हा घोळ मिटतो, कारण त्यात दिवाळी नेमकी एकदाच येते. पण मग गुढीपाडवा घोळ घालतो. २०२३ चा पाडवा २२ मार्चला होता, २०२४ चा ९ एप्रिलला आणि २०२५ चा ३० मार्चला. म्हणजे २०२३-२४ या आर्थिक वर्षात पाडवा आलाच नाही आणि २०२४-२५ मध्ये दोनदा आला. सराफाला आणि वाहनांच्या शोरूमला हे लगेच जाणवतं. कपड्याच्या दुकानात फरक कमी पडतो, पण मराठी गिऱ्हाईक जास्त असेल तर पडतो.

जुन्या पेढ्यांनी यावर वेगळाच तोडगा काढला होता. त्यांची वही दिवाळीला उघडायची आणि पुढच्या दिवाळीला मिटायची. प्रत्येक वहीत एकच दिवाळी. पद्धत चांगलीच होती, पण ही वर्षं सारख्या लांबीची नसतात. २४ ऑक्टोबर २०२२ ते १२ नोव्हेंबर २०२३ या काळात अधिक श्रावण आला आणि वर्ष ३८४ दिवसांचं झालं. पुढचं जेमतेम ३५५ दिवसांचं. नुसत्या दिवसांचाच फरक आठ टक्क्यांचा आहे. मुनीमजी हुशार असले तर वहीवर्षाच्या विक्रीला दिवसांनी भागत असतील; नसले तर अधिक मासाच्या वर्षी मालक खूश आणि पुढच्या वर्षी उदास. चीनच्या सांख्यिकी खात्यालाही हाच त्रास आहे. तिथलं चांद्र नववर्ष कधी जानेवारीत येतं, कधी फेब्रुवारीत. म्हणून किरकोळ विक्रीचे त्या दोन महिन्यांचे आकडे ते वेगळे देतच नाहीत, एकत्र जाहीर करतात. मल्हारगंजच्या दुकानदारानंही सप्टेंबर, ऑक्टोबर आणि नोव्हेंबर यांची एकच बेरीज करावी आणि मागच्या वर्षीच्या त्याच तीन महिन्यांशी ताडून पाहावी. तो अधिक खोलात जायला तयार असेल तर दिवाळीच्या आधीचे चाळीस दिवस मोजावेत, तारीख कोणतीही असो.

दिवाळीनंतर लग्नसराई. मे हा लग्नाचा महिना, असं आपण धरून चालतो. पण २०२४ च्या मे आणि जूनमध्ये शुक्राचा अस्त असल्यामुळे उत्तरेकडच्या पंचांगांत विवाहमुहूर्त जवळजवळ नव्हतेच. बस्त्याची साडी विकणाऱ्यानं मे २०२४ ची विक्री पाहून हाय खाल्ली असेल, आणि मे २०२५ ला मुहूर्त भरपूर मिळाल्यावर नव्या सेल्समनच्या हातगुणाचं कौतुक केलं असेल. दोन्ही वेळा कारण आकाशात होतं. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. मुहूर्त पाहून लग्न करणारी घरं त्यात लग्न काढत नाहीत. हे पंचांगात आधीच छापलेलं असतं. आपल्याकडच्या दुकानदाराला विक्रीचा अंदाज बांधायला इतकं स्वस्त साधन दुसरं नाही, तरी ‘सेल्स फोरकास्ट’ शिकवणाऱ्या वर्गात कोणी कालनिर्णय उघडताना दिसत नाही.

पंचांगाबाहेरची कारणंही असतात. काही वर्षांपूर्वी बडा गणपती ते कृष्णपुरा छत्री हा रस्ता रुंद करण्याचं काम निघालं. घरांचे आणि दुकानांचे पुढचे भाग पाडावे लागले आणि रस्ता खणला गेला. त्या काळातल्या विक्रीवरून पेठ बसली असा निष्कर्ष काढणं जितकं चुकीचं, तितकंच त्यानंतरच्या वाढीला दुकानाची प्रगती म्हणणं चुकीचं. जीएसटीचंही तसंच. ३ सप्टेंबर २०२५ ला नवे दर ठरले आणि २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, लागू झाले. हजार ते अडीच हजारांच्या तयार कपड्यांवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. मधले अठरा-एकोणीस दिवस कुर्ती घ्यायची घाई कोण करणार? सप्टेंबर पडला असेल तर तो त्यामुळे, आणि ऑक्टोबर उसळला असेल तर दर घटले आणि २० तारखेची दिवाळी त्यातच आली म्हणून. या दोन महिन्यांकडे बघून काहीही ठरवू नये, असं माझं मत आहे.

याखेरीज आकड्याला आणखी तीन प्रश्न विचारायचे असतात. पहिला नगांचा. गेल्या वर्षी हजार साड्या सरासरी ८०० रुपयांना गेल्या आणि यंदा ९४० साड्या ९०० ला गेल्या, तर रुपयांत वाढ दिसते. गिऱ्हाईक मात्र कमी झालं आहे. दुसरा प्रश्न रकमेच्या वाटेचा. काउंटरवरचा स्पीकर दिवसभर ‘प्राप्त हुए’ म्हणत असतो आणि क्यूआर कोडवरची जमा दर वर्षी वाढलेली दिसते. पण ती पूर्वी गल्ल्यात पडणारीच रोकड असू शकते. बेरीज दोन्हींची करायची. तिसरा प्रश्न उधारीचा, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. विक्री झाली याचा अर्थ पैसा आला असा होत नाही. महिन्याच्या आठ लाखांपैकी सव्वा लाख खतावणीत नावे पडलेले असतील, तर पगार, भाडं आणि हप्ता उरलेल्या पावणेसात लाखांतूनच द्यायचा आहे.

बँकेत हे सगळं का सांगावं लागतं, तेही पाहू. छोट्या धंद्याला खेळतं भांडवल किती द्यायचं याचा एक ठोकताळा आपल्याकडच्या बँका वापरतात. तो रिझर्व्ह बँकेच्या नायक समितीनं १९९२ मध्ये सुचवलेला. येत्या वर्षी अपेक्षित असलेल्या विक्रीच्या २५ टक्के भांडवल लागेल असं धरायचं, त्यातले २० टक्के बँकेनं द्यायचे आणि ५ टक्के मालकानं स्वतःचे घालायचे. आपल्या दुकानाला ९६ लाखांवर १९ लाख २० हजारांची मर्यादा मिळेल. पण दोन दिवाळ्यांचे ११४ लाख दाखवले तर ती २२ लाख ८० हजार होते. जास्तीचे ३ लाख ६० हजार पंचांगाच्या चुकीच्या वाचनातून आलेले आहेत आणि त्यांवर व्याज मात्र खरं लागणार आहे.

कर्ज आणि व्याज यांच्याशी इंदूरचं नातं जुनं आहे आणि त्यातला सर्वांत मोठा व्यवहार उलट्या दिशेचा आहे. दुसरे तुकोजीराव होळकर यांनी इंग्रज सरकारला कर्ज दिलं. १८७० च्या सुमाराचा तो करार. खांडव्याहून इंदूरपर्यंत रेल्वे आणायची, त्यासाठी होळकरांनी एक कोटी रुपये द्यायचे, मुदत १०१ वर्षं आणि व्याज साडेचार टक्के. १ डिसेंबर १८७४ ला खांडवा ते सनावद गाडी सुरू झाली, १८७६ मध्ये नर्मदेवरचा पूल खुला झाला आणि मग चोरलच्या खोऱ्यातून घाट चढून ती महू-इंदूरला आली. शिंद्यांनीही त्याच काळात इंदूरहून नीमचकडे जाणाऱ्या मार्गासाठी ७५ लाख दिले.

आजच्या माणसाला १०१ वर्षांचा ठरीव दर म्हणजे वेडेपणा वाटेल. वर्षाला साडेचार लाख रुपये १८७५ मध्ये फार मोठी रक्कम होती. शंभर वर्षांनी तिची किंमत किती उरणार होती? नुसत्या व्याजाकडे पाहिलं तर सौदा सामान्यच म्हणावा लागतो. पण तुकोजीरावांना व्याजापेक्षा मुंबईची वाट हवी होती. इंदुरात संस्थानाची कापड गिरणी त्यांनीच काढली होती, माळव्याचा कापूस आणि अफू बाहेर न्यायची होती. रेल्वेनं राज्याच्या बाजारपेठेत जी भर घातली ती कर्जाच्या खात्यात कधी लिहिली जाणार नव्हती. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. व्याज ठरीव असल्यामुळे एखाद्या वर्षी माल कमी आला, डबे रिकामे धावले, तरी त्याची झळ कर्ज घेणाऱ्याला. देणाऱ्याचे साडेचार लाख ठरलेले. कर्जाचा हाच खरा स्वभाव. दर चार टक्के असो की चौदा, वाईट वर्षाचा भार घेणाऱ्याच्या डोक्यावर असतो. इंग्रज सरकारला तो पेलवण्यासारखा होता, कारण त्याच्यामागे अख्ख्या हिंदुस्थानचा महसूल होता. मल्हारगंजच्या दुकानदारामागे दिवाळी असते.

आता त्याच्याकडे येऊ. माडीवर वातानुकूलित शोरूम करायचं आहे, खर्च १० लाख. त्याच्याकडे १० लाखांची मुदत ठेव आहे, सात टक्क्यांची. बँक ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी कर्ज द्यायला तयार आहे. हप्ता २१,७४२ रुपये. ठेव मोडावी की कर्ज काढावं?

इथे बँकेचा हसतमुख प्रतिनिधी एक हिशेब मांडतो. पाच वर्षांत तुम्ही व्याज भराल ३ लाख ५ हजार आणि तुमची ठेव मिळवून देईल ४ लाख १५ हजार. कर्ज काढूनही लाखभर रुपये फायदा! आकडे दोन्ही बरोबर आहेत आणि निष्कर्ष चुकीचा. कर्जाचं मुद्दल दर महिन्याला घटत जातं, म्हणून त्याचं व्याज एकूण कमी दिसतं. ठेव पाच वर्षं पूर्ण दहा लाखांवर बसून असते. शिवाय तो २१,७४२ चा हप्ता येतो कुठून? दुकानातूनच. ठेव मोडली आणि हीच रक्कम दर महिन्याला सात टक्क्यांच्या आवर्ती खात्यात टाकली, तर पाच वर्षांनी साडेपंधरा लाखांच्या आसपास जमतात. ठेव तशीच ठेवली तर १४ लाख १५ हजार. म्हणजे कर्जाच्या मार्गानं सुमारे १ लाख ४० हजार कमी. ११ टक्क्यांनी घेऊन ७ टक्क्यांनी ठेवण्यात फायदा असूच शकत नाही. कर जमेस धरला तर अंतर काहीसं कमी होतं, कारण धंद्याच्या कर्जाचं व्याज खर्चात दाखवता येतं आणि ठेवीच्या व्याजावर कर लागतो. तरी अंतर राहतंच.

मग ठेवच मोडावी? थांबा. एम. टी. मार्केटासारख्या ठोक बाजारातला एक नेहमीचा सौदा घ्या. रोख दिले तर ३ टक्के सूट, नाहीतर ४५ दिवसांत पूर्ण रक्कम. तीन टक्के म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण ९७ रुपयांवर ४५ दिवसांसाठी ३ रुपये म्हणजे वर्षाच्या हिशेबानं २५ टक्के व्याज! ज्यानं सगळी रोकड काचेच्या दारात आणि एसीत घातली, तो दिवाळीचा माल याच दरानं उचलतो, आणि वर माल निवडण्याचा हक्कही गमावतो, कारण रोख देणाऱ्याला आधी दाखवतात. रोकड सात टक्क्यांची आहे, हे ठेवीच्या पावतीवर खरं असतं. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तीच रोकड पंचवीस टक्क्यांची असते. त्या मानानं ११ टक्के स्वस्त आहेत. ठेव तारण ठेवून एक-दोन टक्के जास्त दरानं ओव्हरड्राफ्ट घेण्याचा मार्गही असतो. तो चांगला आहे, पण मर्यादा संपली की ती ठेव मोडल्यासारखीच आहे हे विसरू नये.

तर मग सगळं कर्जच काढावं? आता विक्रीच्या आकड्यांकडे परत यावं लागतं. आपल्या दुकानात विक्रीवर २० टक्के सुटतात. भाडं, दोन सेल्समन, वीज आणि घरखर्च मिळून महिन्याचा खर्च १ लाख १० हजार. वर्षाच्या ९६ लाखांची सरासरी काढली तर महिन्याला आठ लाख विक्री, १ लाख ६० हजार नफा आणि हातात ५० हजार. हप्ता २१,७४२. बँकेचा अधिकारी मान डोलावतो. पण हा सरासरी महिना कॅलेंडरात कुठेच नाही. एरवीच्या साडेसहा लाखांच्या महिन्यात हातात उरतात २० हजार. हप्त्यालाही ते पुरत नाहीत. पितृपक्षाच्या किंवा अधिक मासाच्या साडेचार लाखांच्या महिन्यात उलट २० हजारांची तूट, आणि त्यात हप्ता धरला की जवळजवळ ४२ हजार खिशातून घालायचे. वर्षाच्या सहा लाखांच्या शिलकीतले ३ लाख ६० हजार एकटी दिवाळी आणते, हप्ता मात्र बारा वेळा येतो.

आणि शोरूमनं किती विक्री वाढवायला हवी? नुसता हप्ता फेडायला महिन्याला १ लाख ९ हजारांची जास्तीची विक्री. वीज आणि एक नवा माणूस यांचे १५ हजार धरले तर आणखी ७५ हजार. एरवीच्या साडेसहा लाखांत जवळपास २८ टक्के वाढ. रोख लावली तरी हा प्रश्न टळत नाही; फक्त विचारणारं कोणी नसतं, म्हणून तो विचारला जात नाही. ज्यानं दोन दिवाळ्यांच्या वर्षाकडे पाहून ‘४६ टक्के वाढ तर आधीच झाली’ असं मनाशी धरलं आहे, त्याला २८ टक्के किरकोळ वाटतील. वर्षभरात तो अडकतो.

माझा कौल असा. या दुकानानं शोरूम दोन टप्प्यांत करावं. पहिले सहा लाख ठेवीतून घालावेत आणि चार लाखांचं कर्ज घ्यावं. हप्ता ८,७०० च्या आत येतो आणि एरवीच्या महिन्यातले २० हजार तो पेलतात. उरलेले चार लाख दिवाळीच्या मालासाठी हातात ठेवावेत आणि ठोक बाजारातली ३ टक्के सूट कधीही सोडू नये. ज्याची उधारी मोठी आहे त्यानं कर्जाचा विचार करण्याआधी तीन महिने वसुलीच करावी. आणि अर्ज भरायला बसण्यापूर्वी गेल्या तीन वर्षांतले सर्वांत पडेल तीन महिने वहीतून काढून, त्यांतून हप्ता वजा करून पाहा. बँक तो तक्ता मागणार नाही. तुम्ही मात्र स्वतःसाठी करा.